अल्प खर्चात कुटुंबाची उन्हाळी सहल : दौलताबाद-वेरूळ मार्गाचा हिशोब

एप्रिल महिन्यात शाळांच्या परीक्षा आटोपतात आणि घरोघरी मुलांचा एकच प्रश्न सुरू होतो : सुट्टीत कुठे जायचे? ऐपतदार घरांत महाबळेश्वर, उटी किंवा काश्मीरची चर्चा होते. रिक्षा चालविणारा, कारखान्यात रोजंदारीवर जाणारा, लहानसे दुकान चालविणारा किंवा खासगी शाळेत शिकविणारा कुटुंबप्रमुख मात्र "पुढच्या वर्षी पाहू" असे म्हणून विषय संपवितो. पुढच्या वर्षीही हेच उत्तर मिळते. दहा वर्षांच्या मुलाजवळ कामधंद्याला किंवा पुढच्या शिक्षणाला लागण्यापूर्वी आठ-दहाच सुट्ट्या उरलेल्या असतात आणि त्या अशाच निघून जातात. ज्या वेरूळच्या लेण्यांसाठी जगभरातून लोक येतात, ती घरापासून तासाभराच्या वाटेवर असूनही मुलांनी पुस्तकातील चित्रातच पाहिली, अशी कितीतरी कुटुंबे औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात आणि आसपासच्या तालुक्यांत आढळतील.

सहल महाग पडते, ही तक्रार खोटी नाही. पण ती नेमकी कशामुळे महाग पडते, याचा हिशोब सहसा कोणी कागदावर मांडीत नाही. तो मांडला की दिसते, ठिकाणे पाहण्याचा खर्च अगदीच किरकोळ आहे. पैसा जातो तो वाहनात, ऐनवेळी घेतलेल्या खाण्यापिण्यात आणि न ठरविता केलेल्या खरेदीत. या तिन्ही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत. हा हिशोब समजावा म्हणून दौलताबाद, खुलताबाद आणि वेरूळ या एकाच रस्त्यावरील ठिकाणांचे उदाहरण येथे घेतले आहे.

तिकिटाचा खर्च किती?

सहा जणांचे एक कुटुंब धरू या. आई, वडील, शहात्तर वर्षांची दादी, चौदा वर्षांची मुलगी, दहा वर्षांचा मुलगा आणि चार वर्षांचे धाकटे मूल.

बीबी का मकबरा, दौलताबादचा किल्ला आणि वेरूळची लेणी ही तिन्ही ठिकाणे केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत. २०१८ साली ठरलेल्या दराप्रमाणे मकबरा आणि दौलताबाद येथे भारतीय नागरिकाला प्रत्येकी २५ रुपये आणि वेरूळला ४० रुपये तिकीट आहे. रोख न देता मोबाइलवरून पैसे भरले तर हेच तिकीट २० आणि ३५ रुपयांना पडते. पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना कोठेही तिकीट नाही.

म्हणजे आपल्या कुटुंबातील तिघांचेच तिकीट लागेल. मकबरा ७५ रुपये, दौलताबाद ७५ रुपये, वेरूळ १२० रुपये. एकूण २७० रुपये. मोबाइलवरून भरल्यास २२५ रुपये. सहा जणांनी तीन जगप्रसिद्ध ठिकाणे पाहिली आणि खर्च तीनशेच्या आत राहिला. निघण्यापूर्वी दरात बदल झाला आहे का, एवढे तेवढे पाहून घ्यावे. मुलगी चौदा वर्षांची असून दिसायला मोठी असेल तर वयाचा पुरावा जवळ ठेवावा, म्हणजे खिडकीवर वाद होणार नाही.

आणखी एक लाभ ध्यानात ठेवण्याजोगा आहे. १८ एप्रिल हा जागतिक वारसा दिन असतो. २०२५ साली त्या दिवशी पुरातत्त्व खात्याने आपल्या स्थळांवर प्रवेश मोफत ठेवला होता. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात वर्तमानपत्रांवर लक्ष ठेवले तर अशी घोषणा हुकणार नाही.

एसटीचे तिकीट : सहा जण, अडीच भाडी

प्रवासखर्चाचा विचार करताना पुष्कळ लोक एसटीच्या सवलती विसरतात. २५ जानेवारी २०२५ पासून एसटीचे भाडे सुमारे पंधरा टक्क्यांनी वाढले, हे खरे. पण सवलतीही मोठ्या आहेत. राज्याच्या हद्दीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे. पंचाहत्तर वर्षे पूर्ण केलेल्या ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे, तर ६५ ते ७५ या वयोगटाला अर्धे तिकीट आहे. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट आणि पाच वर्षांखालील मुलाला तिकीटच नाही.

आता आपल्या कुटुंबाची बेरीज करा. वडिलांचे एक, आईचे अर्धे, मुलीचे अर्धे, मुलाचे अर्धे. दादी आणि धाकटे मूल मोफत. सहा माणसांचे मिळून अडीच तिकिटांचे पैसे होतात. दादीचे आधार कार्ड मात्र जवळ हवे. या सवलती एसटी महामंडळाच्या गाड्यांना आहेत. शहर बससेवेचे नियम वेगळे असतात, हे विसरू नये.

मध्यवर्ती बसस्थानकावरून खुलताबाद, वेरूळ आणि कन्नडकडे जाणाऱ्या गाड्या याच रस्त्याने जातात. दौलताबाद सुमारे १५ किलोमीटर, खुलताबाद सुमारे २५ आणि घाट उतरल्यावर वेरूळ सुमारे ३० किलोमीटरवर आहे. म्हणजे एकाच वाटेवर तीन मुक्काम लागतात, कोठेही वाट वाकडी करावी लागत नाही. एसटीने मध्ये उतरून पुन्हा चढल्यास प्रत्येक टप्प्याचे वेगळे तिकीट काढावे लागते, तरीही अडीच तिकिटांच्या हिशोबात ते भारी पडत नाही. अडचण एकच, ती म्हणजे उन्हात गाडीची वाट पाहणे. धाकटे मूल आणि दादी बरोबर असतील तर या गोष्टीचा विचार आधी करावा.

खासगी जीप करायची झाल्यास दोन कुटुंबांनी मिळून करावी. भाडे ठरविताना पाच गोष्टी तोंडी न ठेवता चिठ्ठीवर लिहून घ्याव्यात : किती किलोमीटर, किती तास, थांबण्याचे पैसे, वाहनतळाचे शुल्क कोणाकडे आणि चालकाचे जेवण कोणाकडे. संध्याकाळी परतल्यावर होणारी बहुतेक भांडणे या पाचपैकी एखादी गोष्ट न ठरविल्यामुळेच होतात.

मोठा बेत असेल तर एसटीची "आवडेल तेथे प्रवास" ही १९८८ पासूनची योजना आहे. चार किंवा सात दिवसांचा पास काढून हवे तेथे फिरता येते. पण ज्या घरात सवलतीचे प्रवासी जास्त आहेत, त्यांनी आधी साध्या तिकिटांची बेरीज करून पाहावी. आपल्या उदाहरणातील कुटुंबाला लहान अंतरासाठी पासापेक्षा तिकिटेच स्वस्त पडतील.

उन्हाप्रमाणे वेळ ठरवावी

मराठवाड्यात मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो. म्हणून येथील सहलीचे वेळापत्रक सूर्य पाहून ठरवावे लागते. वेळ चुकली की थकवा येतो. थकलेले कुटुंब मिळेल ते वाहन करते आणि दिसेल ते शीतपेय घेते, म्हणजे खर्चही तेथेच वाढतो.

सकाळी पहिल्या गाडीने निघून किल्ल्याचा दरवाजा उघडताच दौलताबाद गाठावे. हा यादवांचा देवगिरी. मुहम्मद तुघलकाने १३२७ साली आपली राजधानी दिल्लीहून येथे हलविली आणि त्याचे नाव दौलताबाद ठेवले. डोंगराचा कडा उभा तासून भोवती खंदक खोदलेला आहे आणि वर जाण्याच्या वाटेवर अंधारी नावाचा काळोखा, वळणावळणाचा भुयारी मार्ग आहे. मुलांना त्याचे विशेष आकर्षण वाटते. हातात एक विजेरी असू द्यावी. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह याला ज्या चिनी महालात कैदेत ठेवले होते, तो वाटेतच लागतो. दादीने आणि धाकट्याने चांद मिनाराजवळ सावलीत बसावे, बाकीच्यांनी दहाच्या आत चढून खाली यावे. एप्रिल-मे महिन्यांत येथील गवत वाळून कोळ झालेले असते, तेव्हा विडी-काडी कटाक्षाने टाळावी.

दुपारची वेळ वेरूळसाठी ठेवावी. येथे एकूण ३४ लेणी आहेत. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन. डोंगराच्या पोटात कोरलेली असल्यामुळे आत भर दुपारीही गारवा असतो. सोळाव्या क्रमांकाचे कैलास लेणे राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातील, म्हणजे आठव्या शतकातील आहे. एकाच खडकातून ते वरून खाली कोरीत आणले. इमारत बांधताना चुकले तर वीट बदलता येते. येथे चुकलेला दगड परत बसविता येत नव्हता, ही गोष्ट मुलांना जागेवरच सांगावी. चौतीसही लेणी पाहण्याचा हट्ट धरू नये. दहावे, बारावे, सोळावे आणि जमल्यास बत्तिसावे एवढी पाहिली तरी तिन्ही धर्मांची कारागिरी पाहिल्यासारखे होते. जैन लेणी एका टोकाला असून तेथवरचे अंतर दादीला पायी जमणार नाही.

एक सूचना महत्त्वाची आहे. वेरूळ मंगळवारी आणि अजिंठा सोमवारी बंद असते. दूरच्या गावाहून येऊन बंद दारावरून परतणारी कुटुंबे कमी नाहीत. संपूर्ण सहलीचा खर्च वाया घालविणारी ही एकच चूक कॅलेंडर पाहून टाळता येते.

परतताना ऊन कलल्यावर खुलताबादला थांबावे. बुऱ्हानुद्दीन गरीब, जैनुद्दीन शिराजी आणि जर जरी जर बक्ष या सूफी संतांचे दर्गे येथे आहेत. हैदराबादच्या राज्याचा संस्थापक पहिला निजाम आणि औरंगाबाद शहराचा मूळ संस्थापक मलिक अंबर हेही याच भूमीत चिरविश्रांती घेत आहेत. औरंगजेबाची कबर जैनुद्दीन शिराजी यांच्या दर्ग्याच्या आवारात असून तिच्यावर छत नाही. मार्च २०२५ मधील वादानंतर येथे पोलीस बंदोबस्त वाढविण्यात आला होता. ओळखपत्र जवळ ठेवावे. असरच्या नमाजची सोय येथे होते. शुक्रवारी निघणाऱ्यांनी जुमाची वेळ धरून दिवसाची आखणी करावी. मुक्कामाची तयारी असेल तर खुलताबादहून बारा-एक किलोमीटरवर म्हैसमाळचे पठार आहे. उंचीमुळे तेथील संध्याकाळ शहरापेक्षा बरीच सुखाची असते आणि मंगळवारी वेरूळ बंद असताना तो चांगला पर्याय ठरतो.

मकबरा आणि पाणचक्की त्याच दिवशी कोंबू नयेत. त्यासाठी दुसऱ्या दिवसाची एक संध्याकाळ पुरते. पाणचक्कीत डोंगरातील झऱ्याचे पाणी मातीच्या नळांनी आणून त्यावर जाते फिरविले जाई आणि फकीर-मुसाफिरांसाठी दळण होई. वीज नसताना चालणारा हा कारखाना कसा चालत असे, ते मुलांना प्रत्यक्ष दाखविता येते. पाऊस कमी पडलेल्या वर्षी मात्र उन्हाळ्यात पाण्याची धार रोडावते.

बीबी का मकबऱ्याला लोक ताजची नक्कल म्हणतात. व्यापाराच्या पानावर त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहता येईल. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिची ही कबर सतराव्या शतकात बांधली गेली आणि तिला ६ लाख ६८ हजार २०३ रुपये खर्च आला, असे जुन्या तवारिखेत नमूद आहे. ताजमहालावर झालेल्या खर्चापुढे ही रक्कम फारच थोडी. म्हणून अताउल्ला आणि हंसपत राय या रचनाकारांनी संगमरवर खालच्या पट्ट्यापुरता आणि घुमटापुरता वापरला. मधल्या भागात स्थानिक काळा दगड आणि त्यावर चुन्याचा सफाईदार गिलावा दिला. रक्कम मर्यादित असताना ती कोठे घालायची आणि कोठे हात आखडायचा, हे त्यांनी बरोबर ओळखले. गृहिणीलाही सहलीच्या खर्चात नेमके हेच करावे लागते.

पैसा कुठे गळतो?

पहिली गळती पाण्याची. सहा माणसांना दिवसभरात लागणारे पाणी बाटल्यांनी विकत घेतले तर ते प्रवेश तिकिटांच्या बरोबरीला येऊ शकते. ओले फडके गुंडाळलेले दोन मोठे कॅन घरूनच न्यावेत. बाटली घ्यावीच लागली तर छापील किमतीपेक्षा जास्त पैसे देऊ नयेत. दुकानदाराला "गार करण्याचे" म्हणून वेगळे पैसे मागता येत नाहीत. टेबलावर बसवून वाढणाऱ्या हॉटेलांना मात्र २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयामुळे हा नियम लागू होत नाही. तक्रार करायची असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

दुसरी गळती जेवणाची. उन्हात टिकणारी शिदोरी न्यावी : दशम्या, कोरडी चटणी, शेंगदाण्याचा लाडू, काकडी आणि घरून धुऊन नेलेले खरबूज. रश्शाची भाजी किंवा सालन डब्यात नेऊ नये. मेच्या उन्हात ते दुपारपर्यंत आंबते आणि सहलीचा शेवट दवाखान्यात होतो. चमचमीत खाण्याची हौस रात्री शहरात परतल्यावर भागवावी. औरंगाबादचा नान-कलिया ताजा आणि गरम खावा. दुपारी शिदोरी आणि रात्री नान-कलिया असा बेत ठेवला तर एकाच जेवणाचे पैसे द्यावे लागतात आणि ते जेवण मुलांच्या लक्षात राहते.

तिसरी गळती खरेदीची. पर्यटनाच्या ठिकाणी गिऱ्हाईक दुकानापर्यंत आणून देणाऱ्याला दलाली देण्याची पद्धत आहे. ही दलाली दुकानदार आपल्या खिशातून देत नाही, ती वस्तूच्या किमतीत मिळविलेली असते. म्हणून दुकान स्वतः शोधावे आणि स्वतःच्या पायांनी जावे. खरेदीची रक्कम घरूनच वेगळ्या पाकिटात ठेवावी. ते पाकीट रिकामे झाले की खरेदी संपली.

औरंगाबादची हिमरू शाल आणि पैठणचे पैठणी कापड घेताना थोडी पारख हवी. हिमरूचा ताणा सुताचा आणि बाणा रेशमाचा असतो. आज हिमरूच्या नावाने यंत्रमागाचे कापड सर्रास विकले जाते. ते स्वस्त असेल तर घेण्यास हरकत नाही, पण हातमागाच्या भावाने घेऊ नये. पैठणीची परीक्षा सोपी आहे. पदर उलटून पाहावा. हातमागाच्या अस्सल पैठणीत नक्षी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखीच दिसते. यंत्रमागाच्या मालात उलट बाजूला सुटे किंवा कापलेले धागे दिसतात. हातमागाचा दावा करणाऱ्याकडून पावतीवर तसे लिहून घ्यावे. खरा विणकर आनंदाने लिहून देतो.

धंदा करणाऱ्यांनी काय पाहावे?

आता नाण्याची दुसरी बाजू. या रस्त्यावर रसवंती, हॉटेल, जीप, फोटो आणि खेळण्यांचा व्यवसाय करणाऱ्या आपल्या बांधवांना उन्हाळी सुट्टीचे सहा-सात आठवडे महत्त्वाचे असतात. हंगाम थोडा म्हणून भाव चढवायचा, असा समज रूढ आहे. परदेशी पाहुणा आयुष्यात एकदा येतो. जालना, बीड किंवा मालेगावचे कुटुंब बरे वाटले तर पुढच्या वर्षी येते आणि शेजाऱ्यालाही पाठविते. एकदा दहा रुपये जास्त घेऊन असे गिऱ्हाईक कायमचे गमावण्यात कोणता फायदा?

अशा गिऱ्हाइकाला ज्या गोष्टी हव्या असतात त्यांना भांडवल फार लागत नाही. मोठ्या अक्षरांत दरांचा फलक. पिण्याच्या पाण्याचा झाकलेला माठ. मुलांसाठी अर्धी प्लेट. बायका-मुलांना घटकाभर बसता येईल अशी आडोशाची सावली आणि जवळ स्वच्छ स्वच्छतागृह. दादीला आणि तान्ह्या मुलाला घेऊन फिरणारी आई भाव विचारण्याआधी हेच पाहते. जेथे तिची सोय होते तेथेच सारे कुटुंब जेवते. जीपचालकांनी दौलताबाद-खुलताबाद-वेरूळ फेरीचा प्रतिमाणशी दर ठरवून गाडीवर लिहिला तर तीन-चार लहान कुटुंबे मिळून गाडी भरते, चालकाची फेरी रिकामी जात नाही आणि प्रवाशालाही घासाघीस करावी लागत नाही.

शेवटचा हिशोब

निघण्याच्या आठ दिवस आधी एका कागदावर पाच ओळी लिहाव्यात : प्रवेश तिकिटे, प्रवास, शिदोरीचा किराणा, रात्रीचे जेवण आणि खरेदीचे पाकीट. त्याखाली अडीअडचणीसाठी थोडी रक्कम धरावी. हे काम वडिलांनी एकट्याने करू नये. चौदा वर्षांच्या मुलीच्या हाती पेन्सिल द्यावी. अडीच तिकिटांचे गणित तिला मांडू द्या, बंदचा वार तिला शोधू द्या, सकाळची पहिली गाडी कोणती ते तिला विचारून येऊ द्या. घरात पैसा कसा येतो आणि कसा जातो, हे तिला या एका कागदावरून कळेल.

बेरीज अजून जड वाटत असेल तर महिन्याला थोडे याप्रमाणे पुढील जूनपासून डब्यात टाकायला सुरुवात करावी, पण सहलीसाठी कर्ज काढू नये. वर्षाकाठी एक दिवस आणि एक संध्याकाळ, एवढे नियोजन केले तर कष्टकरी घरालाही ते परवडण्याजोगे आहे.